एमबी जीपचं एल-१३४ इंजिन : चेन ठेवायची की गिअर बसवायचे (प्रकल्प नोंदी)

२९ ऑगस्ट २०२४, बेळगाव

इंजिन विलीज एमबीचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं. चार सिलेंडर, साइड व्हॉल्व्ह, बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच, म्हणजे २१९९ सीसी. जीप जांबोटी भागातली. वापर शेत, जंगलातली वाट आणि अधूनमधून चोर्ला घाट. तक्रार तीन प्रकारची: चढाला कमी आरपीएमवर ओढत नाही, आयडलला पुढच्या कव्हरातून खळखळ येते, टायमिंग कितीही जुळवलं तरी डिस्ट्रिब्युटर पुन्हा हलवावासा वाटतो.

ऑइल फिल्टरमागच्या उंचवट्यावरचा नंबर एमबीने सुरू होतो, म्हणजे ब्लॉक मूळचा आणि इंजिन टायमिंग चेनवालं: क्रँक (पिस्टनांनी फिरणारा शाफ्ट) या चेनने कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) फिरवतो. विलीजने १९४६ च्या सुमारास सीजे-२ए या नंतरच्या जीपवर चेन सोडून गिअर घेतले. पुढे विलीजच्याच हरिकेन इंजिनाला गिअरच राहिले. आपल्याकडे महिंद्राच्या सीजे-३बी मुळे हरिकेनचे सुटे भाग मुबलक. त्यामुळे एमबीचं इंजिन उघडलं की बघणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: चेन फेका, गिअर टाका, पुन्हा बघायला नको. तो सल्ला घ्यायचा की नाही हे मोजून ठरवायचं, आणि तेही मशिनशॉपला ब्लॉक जायच्या आधी.

मॅन्युअल इंचात असल्यामुळे नोंदी थौमध्ये ठेवतोय. १ थौ म्हणजे ०.०२५ मिमी.

३० ऑगस्ट

इंजिन उघडण्याआधी चेनचा ढिलेपणा मोजला. स्टार्टर उतरवला की फ्लायव्हीलची रिंग दिसते. हिला ९७ दाते आहेत, म्हणून एक दात क्रँकचे ३.७ अंश. वेगळी डिग्री प्लेट लागत नाही. प्लग काढून क्रँक चालण्याच्या दिशेने फिरवायचा, थांबायचं, रिंगवर खडूची खूण, मग उलटा फिरवत रोटर (डिस्ट्रिब्युटरचा फिरता तुकडा) हलेपर्यंत दाते मोजायचे.

रोटर हलायला ३ दाते, म्हणजे ११ अंश. पण हा आकडा सगळा चेनचा नाही. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो आणि पंप कॅमवरच्या तिरप्या दात्यांवर. त्या दात्यांचा प्ले आणि शाफ्टच्या खाचेतला प्ले रोटरच्या मापात मिसळतो. म्हणून टॅपेटचं (टॅपेट कॅमवरून व्हॉल्व्ह उचलतात) साइड कव्हर काढून, टॅपेट हलायला लागेपर्यंत पुन्हा मोजलं: २ दाते, साधारण ७.५ अंश. हा खरा चेनचा. रोटरवर भरवसा ठेवून चेन बदलणाऱ्यांनी हा फरक आधी काढावा; कित्येकदा चेन ठीक असते आणि पंपाचा गिअरच खाल्लेला असतो.

दुसरी तपासणी व्हॉल्व्ह टायमिंगची. एक नंबरच्या इनलेट टॅपेटचा गॅप तात्पुरता २० थौ केला आणि व्हॉल्व्ह उघडायच्या बेतात येईपर्यंत क्रँक फिरवला. फ्लायव्हीलवरची आयओ (इनलेट ओपन) खूण त्या क्षणी तपासणीच्या भोकात मधोमध यायला हवी. ती टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या) ९ अंश आधीची आहे. इथे खूण दातभर पुढे निघून गेली होती. म्हणजे कॅम ४ अंशांच्या आसपास उशिरा. इंजिन चालू असताना ओढणारी बाजू ताणलेलीच राहते, म्हणून साडेसात अंशांचा सगळा ढिलेपणा उशीर होऊन दिसत नाही. तो आयडलला आपटण्यात दिसतो.

घाटात दम न पुरण्याचं निम्मं कारण इथे आहे. कॅम उशिरा म्हणजे इनलेट उशिरा बंद होणार, आणि कमी आरपीएमवर सिलेंडरात आलेलं मिश्रण पिस्टन वर येताना परत मॅनिफोल्डात ढकलणार. जास्त आरपीएमवर एवढं जाणवत नाही, पण हे इंजिन त्यासाठी बनलेलंच नाही.

२ सप्टेंबर

पुढचं कव्हर उतरवलं. पुली पुलरने काढावी; कडेला टॉमी लावून उचकटली तर हब वाकडा होतो आणि पुढचं सील कायम गळत राहतं.

आत काय दिसलं: चेन सायलेंट जातीची, दातेरी पट्ट्यांची. सैल बाजू मधोमध बोटाने दाबली तर १४ मिमी हलते. कव्हरच्या आत एका बाजूला चकचकीत घासपट्टा पडलाय, खळखळीचा उगम तोच. क्रँकच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूने आकड्यासारखे वळलेले. कॅमच्या स्प्रॉकेटला वरवर काही नाही, पण नखाने चाचपलं की दात्याच्या बुडाशी पायरी लागते. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन टाकणं म्हणजे काही हजार किलोमीटरात तीही वाया घालवणं. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदम.

कव्हरमध्ये स्प्रिंग आणि प्लंजर आहे. तो कॅमला मागे दाबून धरतो. या ब्लॉकवर कॅमची पुढे-मागे हालचाल रोखणारं दुसरं काही नाही. उतरवताना प्लंजर ग्रीसच्या गोळ्यासोबत खाली पडतो आणि गॅरेजच्या कचऱ्यात जातो, म्हणून लगेच डबीत टाकला.

कॅम: लोब (टॅपेट उचलणारे उंचवटे) ठीक, टाचांवर खड्डे नाहीत. पुढचं बुश १ थौने जास्त सैल. या इंजिनात फक्त पुढच्या जर्नलला (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) बदलता येणारं बुश असतं, बाकीचे जर्नल थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये फिरतात. त्या बोअरला ओरखडे नाहीत. टॅपेट त्यांच्या भोकांच्या नंबराने ठोकळ्यात लावून ठेवले. जुना कॅम परत वापरायचा तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर गेला पाहिजे.

४ सप्टेंबर

हरिकेन एफ-१३४ चं एक मोडीतलं इंजिन गॅरेजमध्ये पडून आहे. बोअर-स्ट्रोक तोच, खालचा अर्धा भाग याच घराण्यातला. त्याचा पुढचा भाग उघडून एमबीच्या शेजारी मांडला. आजचा वेळ यातच गेला, कारण सगळा निर्णय या फरकांवर आहे.

पहिला फरक दिशेचा. चेनने कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो. दोन गिअर एकमेकांत बसवले की कॅम उलट फिरतो. म्हणून चेनचा कॅम ठेवून नुसते गिअर बसवणं शक्य नाही. उलट फिरणाऱ्या कॅमवर त्याच लोबांचा क्रम उलटतो: एक्झॉस्टनंतर इनलेट यायच्या जागी इनलेटनंतर एक्झॉस्ट येतो, आणि १-३-४-२ चा फायरिंग ऑर्डर १-२-४-३ होतो. इंजिन सुरूच होणार नाही. कॅम बदलावाच लागतो.

कॅम बदलला की ऑइल पंपही. पंप चालवणारे कॅमवरचे तिरपे दाते गिअरच्या कॅमला उलट्या कलाचे कापलेले असतात, म्हणजे डिस्ट्रिब्युटर पूर्वीच्याच दिशेने फिरतो. चेनचा पंप गिअरच्या कॅमवर जुळत नाही. दुकानात दोन्ही पंप बाहेरून सारखेच दिसतात, आणि इथे भलेभले फसतात. हातात घेऊन दात्यांचा कल बघितल्याशिवाय पंप घेऊ नये.

तिसरा फरक ब्लॉकच्या तोंडावर. हरिकेनमध्ये कॅम गिअरच्या मागे थ्रस्ट प्लेट असते, ब्लॉकला बोल्टने धरलेली. तिच्या आणि स्पेसरच्या मेळातून कॅमचा एंड प्ले (पुढे-मागे मोकळीक) ४ ते ७ थौ ठेवतात. आमच्या एमबी ब्लॉकवर त्या बोल्टांची भोकं नाहीत. ती मारून आटे पाडावे लागतील. कॅम गिअर मधल्या एकाच बोल्टवर आणि चावीवर बसतो. एमबीचं स्प्रॉकेट कॅमच्या फ्लँजला बोल्ट करून धरलेलं आहे.

चौथा फरक तेलाचा, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. गिअरना दाबाखालचं तेल लागतं. हरिकेनच्या ब्लॉकवर पुढे एक छोटं जेट आहे, त्याचा फवारा थेट दात्यांच्या मेळावर पडतो. एमबीच्या ब्लॉकला जेटचं भोकच नाही. चेनला पुढच्या मेन बेअरिंगमधून निसटणारं तेल पुरतं. गिअर बसवायचे तर ऑइल गॅलरीपर्यंत भोक पाडून जेट बसवायचं. जेट नाही किंवा कचऱ्याने बुजलं, तर फायबर गिअरचे दाते आधी तपकिरी होतात, मग काळे, मग गळून पडतात.

म्हणजे बदलाची यादी: कॅम, कॅम गिअर, क्रँक गिअर, थ्रस्ट प्लेट, स्पेसर, शिम (पातळ चकत्या), जेट, ऑइल पंप, प्लंजर नसलेलं कव्हर, आणि ब्लॉकवर ड्रिलिंग. बाजारात 'गिअर सेट' म्हणून मिळतात ते दोन गिअर.

५ सप्टेंबर

गिअरच्या जातीबद्दल. हरिकेनचा कॅम गिअर फायबरचा, आत धातूचा हब. क्रँकचा गिअर स्टीलचा. फायबर शांत चालतो आणि क्रँकचे झटके थोडे गिळतो. शत्रू दोन: कोरडं चालणं आणि ओल. खानापूरच्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेला फायबर गिअर दमट हवा शोषून फुगतो. बसवताना बॅकलॅश (दात्यांमधली फट) मिळत नाही आणि लोक दात्यांवर कानस चालवतात. नवा गिअरही तेलात बुडवून, पिशवीत बांधून ठेवावा. जुना बसलेला असेल तर दाते नखाने खरवडून बघावेत. थर सुटत असेल तर तो गिअर संपला.

पूर्ण धातूचा कॅम गिअर तुटत नाही म्हणून विकला जातो. खरं आहे, पण तो बॅकलॅशमधली चूक पोटात घालत नाही. सैल असेल तर किरकिरतो, टाइट असेल तर शिट्टी वाजवतो.

आणि चेन तुटली तर काय, ही भीती या इंजिनात फार मोठी नाही. व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये आहेत. पिस्टन त्यांना शिवत नाही. चेन तुटली तर जीप उभी राहील, इतकंच.

उद्यमबागेतलं मशिनशॉप उद्यापासून गणपतीसाठी बंद. ब्लॉक चतुर्थीनंतरच जाईल.

१८ सप्टेंबर

ब्लॉक मशिनशॉपमध्ये. तिन्ही मेन बेअरिंगच्या जागांवर सरळ पट्टी आणि फीलर लावून पाहिलं: मधला मेन ३ थौने खाली बसलाय. नुसते दहा थौ अंडरसाइज शेल टाकून क्रँक बसवला तर मधलं बेअरिंग एकटंच मार खाईल. लाइन बोअरिंग (तिन्ही मेन एका रेषेत पुन्हा कापणं) अटळ.

चेन-गिअरचा वाद इथे सुटला. लाइन बोअरिंगमध्ये आधी कॅपचं तोंड घासतात, मग बोअर परत मापात आणतात. हत्यार ब्लॉकच्या बाजूनेही थोडं कापतं, आणि जेवढं कापतं तेवढा क्रँक वर, कॅमच्या दिशेने सरकतो. कॅम आपल्या जागी, क्रँक वर: दोघांमधलं अंतर कमी.

गिअरचं गणित असं. अंतर जितकं घटतं त्याच्या साधारण ०.५ पट बॅकलॅश घटतो दात्याचा प्रेशर अँगल साडेचौदा अंश असेल तर, आणि ०.७ पट वीस अंश असेल तर. क्रँक २ थौ वर गेला तर बॅकलॅश १ ते दीड थौने कमी. या गिअरांना मॅन्युअल एकूण मुभा देतं ० ते २ थौ. म्हणजे कालपर्यंत १ थौवर छान बसणारी जोडी लाइन बोअरिंगनंतर शून्यावर किंवा त्याच्याही खाली. फायबर गिअर तेवढं दाबून घेईल, पण पुढचं कॅम बुश घेणार नाही.

चेनचं गणित: तेच २ थौ अंतर घटलं की चेनला दोन्ही बाजू मिळून ४ थौ लांबी जास्त होते. सगळा ढिलेपणा एका बाजूला आला आणि मधली लांबी समजा १२५ मिमी धरली, तर झोळ २ मिमीच्या आसपास वाढतो. नव्या चेनला हे चालतं. टेन्शनर नसलेली चेन सैलपणा वाढला की आवाज करून सांगते. गिअर टाइट झाला तर तो आतल्या आत खात राहतो.

निर्णय: चेन. ब्लॉकला ड्रिल नाही, मूळ कॅम आणि मूळ पंप राहतात, आणि अंतरातली चूक सहन करणारी रचना मिळते. हाच ब्लॉक १९४६ नंतरचा, जेट आणि थ्रस्ट प्लेटची भोकं असलेला असता, तर चेनचा विचारही केला नसता. बॅकलॅश मोजून गिअर बसवले असते. बाजारात काय मिळतं यावरून निवड करणं ही सोय झाली.

मशिनशॉपला लेखी सूचना: कॅपच्या बाजूने जास्त कापा, ब्लॉकच्या बाजूने २ थौच्या पुढे जाऊ नका, कॅप त्यांच्या नंबराने आणि दिशेने बसवून ६५ ते ७५ फूट-पौंडांवर आवळूनच बोअर घ्या. कॅमचं पुढचं बुश नवं ठोकून मागच्या बोअरशी एका रेषेत रीम करा.

४ ऑक्टोबर

ब्लॉक परत. ब्लॉकच्या बाजूने दीड थौ कापलंय. चेन सेट आला. डबा उघडल्यावर तपासलं ते असं: चेनच्या पट्ट्या चिकटलेल्या नाहीत ना (जुना स्टॉक असेल तर पिनांना गंज चढतो), चेन कडेवर धरल्यावर फार वाकत नाही ना, स्प्रॉकेटच्या खुणा ठळक आहेत ना, क्रँक स्प्रॉकेटची चावीची खाच ढिली नाही ना. एका स्प्रॉकेटच्या बोअरला बर होता. बारीक तेलदगडाने काढला. चेन रात्रभर इंजिन ऑइलमध्ये.

७ ऑक्टोबर

क्रँक बसवला. एंड प्ले ४ ते ६ थौ हवा आणि तो क्रँक स्प्रॉकेटमागच्या शिमांनी ठरतो. मोजताना स्प्रॉकेट, स्लिंगर (तेल बाहेर उडवणारी चकती), पुलीचा हब सगळं चढवून पुढचा नट पूर्ण आवळावा लागतो, नाहीतर शिमांचा थर दबत नाही आणि डायल गेज खोटं बोलतं. पहिलं माप ९ थौ. एक ४ थौची शिम काढली, ५ थौ आला. थ्रस्ट वॉशरची उतरती कड क्रँककडे.

शिमा बदलल्या की क्रँक स्प्रॉकेटही तेवढं पुढे-मागे जातं, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडांवर स्टीलची पट्टी टेकवून पाहिली. कॅमचं स्प्रॉकेट अर्ध्या मिमीने पुढे. कॅम मागे दाबून पुन्हा पाहिलं तर एका रेषेत. प्लंजरचं काम किती आहे ते इथे कळतं.

चेन बसवायची पद्धत: चेन अखंड आहे, जोड नाही. दोन्ही स्प्रॉकेट चेनमध्ये आधी घालायची, दोन्ही खुणा समोरासमोर, केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर आणायच्या आणि सगळं एकत्र सरकवायचं. ओढणारी बाजू ताणून मगच खुणा बघायच्या. सैल चेनवर खुणा एक दात चुकूनही बरोबर भासतात. कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट आवळून तारेने बांधले. सैल बाजूचा झोळ ५ मिमी.

तपासणी: इनलेट टॅपेट २० थौवर, आयओ खूण भोकात मधोमध. रिंगवर उलट फिरवून टॅपेट हलायला अर्ध्या दातापेक्षा थोडं जास्त, २ अंशांच्या घरात. मग सगळे टॅपेट थंड इंजिनावर १४ थौ.

कव्हर लावताना स्प्रिंग आणि प्लंजर जाड ग्रीसने जागी चिकटवले. स्लिंगरची वाटी बाहेरच्या बाजूला.

९ ऑक्टोबर

ऑइल पंप. चार नंबरचा एक्झॉस्ट बंद होत आणि इनलेट उघडत असताना एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असतो. टॅपेटच्या खिडकीतून हे थेट दिसतं, खुणांवर विसंबायची गरज नाही. पंपाच्या शाफ्टची खाच मध्यापासून सरकलेली आहे, म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच रीतीने बसतो. पंप एक दात चुकला तर रोटर सरकतो आणि लोक वायरी बदलून ते झाकतात. वायरी जागेवरच ठेवा, पंप काढून परत घाला.

हा पंप ड्रिल लावून वेगळा फिरवता येत नाही, कॅमच चालवतो. म्हणून बसवण्याआधी त्यात तेल भरलं आणि प्लग काढून स्टार्टरने गेजचा काटा हलेपर्यंत फिरवलं. संपमधली (खालच्या तेलाच्या टाकीतली) तरंगती गाळणी खोलून धुतली, आत जुन्या पॅकिंगचे तुकडे होते.

उद्यापासून मशिनशॉप खंडेनवमीच्या साफसफाईत, तिकडचं काही उरलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

सुरू. तेल २०डब्ल्यू-४०. इग्निशन टीडीसीच्या ५ अंश आधी, पॉइंट २० थौ. गरम झाल्यावर आयडलला कव्हरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावला: सायलेंट चेनची बारीक सळसळ, खळखळ नाही. हेडचे बोल्ट थंड झाल्यावर पुन्हा ६०-७० फूट-पौंडांवर.

कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून तेलाचा थेंब. तिथे पुढची प्लेट, संप आणि कव्हर तिघांची पॅकिंग एकत्र येतात. संपचे पुढचे बोल्ट सैल करून कोपऱ्यात सीलंट भरला, मग क्रमाने आवळले.

२७ ऑक्टोबर

३०० किमी झाले, त्यात चोर्ला घाट भरल्या जीपने. चढाला पूर्वी जिथे पहिला टाकावा लागायचा तिथे दुसऱ्यावर ओढतेय. तेल बदललं, जुन्या तेलात चुंबकाला बारीक पूड, चकत्या नाहीत. टॅपेट पुन्हा पाहिले, दोन एक्झॉस्ट १३ थौवर आले होते, १४ केले. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणतेच: रिंगवर आता पाऊण दात. पुढची मोजणी १,५०० किमीला, टॅपेटवर, रोटरवर नाही. दीड दाताच्या पुढे गेलं तर कव्हर उघडायचं.